खेळला, पण धरला नाही : राष्ट्रीय संघाचे अनधिकृत सामने



मधली सुट्टी संपल्यावर चौथीतली एक मुलगी तणतणतच वर्गात आली. तिनं मैदानावर तीन गोल केले होते आणि ते 'आमचे विक्रम' या तक्त्यावर लिहा, असा तिचा हट्ट होता. मी सहज म्हणालो, "अगं, सुट्टीतली मॅच धरत नाहीत." ती लगेच म्हणाली, "सर, मग मी खेळलेच नाही का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी गेल्यावर विचार केला, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न देशाच्या फुटबॉल संघालाही पडतो. मुलांना तो कसा समजावून सांगायचा, यासाठी हा लेख.

अनधिकृत सामना म्हणजे काय?

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांना बैलगाड्याचं उदाहरण लगेच कळतं. समजा, यात्रेच्या आठ दिवस आधी एखाद्याचा गाडा सरावाला घाटात सुसाट गेला. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण बक्षीस त्या पळण्याला मिळत नाही. यात्रेच्या दिवशी नाव पुकारलं, पंच जागेवर होते, घड्याळ लावलं होतं, अशी जी बारी झाली तिचेच सेकंद धरतात. म्हणून सराव खोटा होता का? नाही. गाडा पळाला हे खरंच आहे. फक्त तो सगळ्यांसाठी ठरलेल्या नियमात पळाला नव्हता.

फुटबॉलमध्येही तसंच आहे. दोन देशांमधला सामना अधिकृत धरायचा, तर दोन्ही बाजूंनी त्या त्या देशाच्या महासंघानं निवडलेला मुख्य वरिष्ठ संघ असावा लागतो. सामना फिफाच्या चौकटीत व्हावा लागतो आणि खेळाडू बदलण्यालाही मर्यादा असते. या मर्यादेची गोष्ट मुलांना आवडते. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात इंग्लंडनं मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले! अशा सामन्यांना अर्थ काय राहिला, अशी ओरड झाली आणि २००४ मध्ये मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी जास्तीत जास्त ६ बदलांचा नियम आला. पुढे हा आकडा बदलला, पण मर्यादा असते हे तत्त्व राहिलं.

समोर देश नाही, क्लब

१० जानेवारी २०१२ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारतीय संघ जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबशी खेळला. बायचुंग भुतियाचा हा निरोपाचा सामना. बायर्ननं तो ४-० असा जिंकला. सगळं खरंखुरं होतं. पण समोर जर्मनी हा देश नव्हता, जर्मनीतला एक क्लब होता. त्यामुळे हा सामना आंतरराष्ट्रीय सामन्यांत मोजला जात नाही. भुतियाला मात्र तो जन्मभर आठवेल. नोंद आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला याहून सोपं उदाहरण नाही.

एकच खेळाडू, दोन हिशेब

सुनील छेत्रीचं उदाहरण घ्या. ८ ऑक्टोबर २०१० रोजी आपल्या पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर भारतानं व्हिएतनामला ३-१ असं हरवलं. तिन्ही गोल छेत्रीचे. दोन्हीकडे मुख्य संघ होते, म्हणून हे तिन्ही गोल त्याच्या आंतरराष्ट्रीय गोलांत धरले जातात.

आता सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथं झालेल्या आशियाई स्पर्धेत या. बांगलादेशविरुद्ध सामना संपत आला होता आणि छेत्रीनं पेनल्टीवर गोल करून भारताला १-० असं जिंकून दिलं. तोच खेळाडू, भारताचीच जर्सी. पण आशियाई स्पर्धेतलं पुरुष फुटबॉल आता वयोगटाचं असतं, मोठ्या वयाचे मोजकेच खेळाडू घेता येतात. तो देशाचा मुख्य वरिष्ठ संघ मानला जात नाही. त्यामुळे हा गोल त्या यादीत नाही. गोल झाला, भारत जिंकला, हे कुणी नाकारत नाही. तो दुसऱ्या वहीत लिहिला जातो, एवढंच.

सुरुवातच अनधिकृत

ही भानगड फुटबॉलइतकीच जुनी आहे. १८७० ते १८७२ या काळात लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पाच सामने झाले. पण त्यातला 'स्कॉटलंड' संघ मुख्यतः लंडन भागात राहणाऱ्या खेळाडूंमधून निवडलेला होता. म्हणून फिफा ते सामने धरत नाही. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना म्हणजे ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोला झालेला इंग्लंड-स्कॉटलंड सामना. निकाल ०-०! पण आधीचे पाच झाले नसते, तर सहाव्याची कल्पना तरी कुणाला सुचली असती का?

नवी मुंबईतला पुसलेला सामना

एक उदाहरण जरा वेगळं आहे आणि मनाला लागणारं आहे. २०२२ चा महिला आशिया चषक आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण ०-० असे बरोबरीत राहिले. हा सामना खेळताना पूर्ण अधिकृत होता. पण २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय संघात कोरोना पसरला. नियमानुसार किमान १३ खेळाडू लागतात, तेवढ्या उरल्या नाहीत. भारतानं माघार घेतली असं धरलं गेलं आणि झालेला इराणचा सामनासुद्धा स्पर्धेच्या तक्त्यातून रद्द झाला.

या स्पर्धेतूनच २०२३ च्या विश्वचषकाचे संघ ठरणार होते. आपल्या मुलींची ती संधी न खेळताच गेली. इराणच्या मुलींचाही विचार करा. त्यांचा हा पहिलाच महिला आशिया चषक. यजमानांना रोखून मिळवलेला एक गुण गेला, आणि पुढचे दोन्ही सामने त्या हरल्या. नियम सर्वांना एकच होता, हे खरं. पण त्या संध्याकाळी ९० मिनिटं घाम गाळलेल्या मुली खेळल्याच नाहीत, असं कुणाला म्हणता येईल?

वर्गात काय करता येईल?

शाळेत आपण रोज काही गोष्टी 'धरतो' आणि काही सोडून देतो. परीक्षेतलं गणित धरतो, अंगणात सोडवलेलं नाही. नियम लागतोच, नाहीतर जो मोठ्यानं बोलेल त्याचा विक्रम. पण "हे धरत नाहीत" एवढंच ऐकलं की मुलाला "याला किंमत नाही" असं ऐकू येतं. माझी चूक तिथंच झाली होती. आठवून पाहा, १५ सप्टेंबर २०१७ ला 'मिशन वन मिलियन'मध्ये राज्यभर शाळाशाळांत मुलं फुटबॉल खेळली. ते गोल कुठल्याच विक्रमात नाहीत, पण कितीतरी मुलांचा पाय त्या दिवशी पहिल्यांदा फुटबॉलला लागला.

म्हणून मी दोन वह्या केल्या.

१. सामन्यांची वही : संघाची यादी आधी, पंच ठरलेला, वेळ ठरलेली, बदली खेळाडू किती ते ठरलेलं. हे नियम मुलांनीच चर्चा करून लिहिले.

२. मैदानाची वही : सुट्टीत जे घडेल ते मुलं स्वतः लिहितात. तारीख, कोण खेळलं, काय झालं.

पहिल्या वहीतून बेरीज-वजाबाकी आणि तक्ता वाचन होतं. दुसरीतून लेखन होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरी वही लवकर भरते.

त्या मुलीला मी सांगितलं, "तू खेळलीस. तीन गोल झाले. ते मैदानाच्या वहीत तुझ्या हातानं लिही. तक्त्यासाठी मात्र आधी ठरवून सामना लावू." शनिवारी सामना लावला. सहावीचा एक मुलगा पंच झाला. तिला एकच गोल करता आला. तो आता तक्त्यावर आहे. पण आधीचे तीन ती अजून सगळ्यांना सांगते, आणि मी आता मध्ये बोलत नाही.

तुमच्या शाळेत किंवा घरी असा प्रश्न आला, तर तुम्ही काय उत्तर दिलंत ते जरूर कळवा.