जावाच्या विणकर गावात: जमीन नको, माल घ्या

इंडोनेशियाचे नाव निघाले की आपल्या पेठेत अलीकडे एकच हिशेब ऐकू येतो. बहुसंख्य वस्ती मुसलमानांची, खाण्यापिण्याची अडचण नाही, मजुरी परवडणारी. मग तिथल्या एखाद्या खेड्यात घर घ्यावे, दहावीस माग टाकावेत आणि निम्मे वर्ष तिकडे राहावे. हिशेब ऐकायला गोड आहे. पण लहान व्यापाऱ्याने गाठीचा पैसा बाहेर काढण्याआधी तिथला कायदा आणि तिथले गाव दोन्ही समजून घ्यावे. त्यासाठी आपल्याच धंद्यातले एक गाव उदाहरणाला घेऊ.

मध्य जावातील जेपारा जिल्ह्यात पेचांगान तालुक्यात त्रोसो नावाचे गाव आहे. जेपारा लाकडी नक्षीकामासाठी जगाला माहीत आहे, तर त्रोसो ओळखले जाते ते ‘तेनुन इकत’ या कापडासाठी. यात सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात. चौकटीवर सूत ताणायचे, नक्षीप्रमाणे गाठी मारायच्या, रंगात बुडवायचे, गाठी सोडायच्या आणि मग मागावर घ्यायचे. पोचमपल्ली किंवा पाटणचे काम पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. हातमागाला तिथे ‘आतेबेएम’ म्हणतात, म्हणजे यंत्राविना चालणारा माग. एक जण बांधणारा, दुसरा रंगवणारा, तिसरा विणणारा, आणि मजुरी बहुधा नगावर. मालेगाव-भिवंडीच्या कारागिराला ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

हा संबंध जुनाही आहे. गुजरातचे पटोळे शतकानुशतके जावा-सुमात्राला जात असत आणि पेकालोंगानच्या ‘जलांप्रांग’ बाटिकवर त्या नक्षीची छाप आजही दिसते. पूर्व जावात ग्रेसिक येथे मलिक इब्राहीम यांच्या कबरीवर १४१९ सालचा दगड आहे. त्याची घडण खंबायतच्या दगडांशी जुळते. मोठी गोष्ट ही, की आपले लोक तिथे माल घेऊन गेले आणि माल घेऊन परतले.

जाणे-येणे

मुंबईहून जकार्ता गाठावे, तिथून सेमारांग. विमानाने तास-सव्वातास, आगगाडीने पाच-सहा तास. सेमारांगहून देमाकमार्गे जेपाराच्या रस्त्याला लागले की साधारण दोन तासांत त्रोसो येते. देमाकच्या अलीकडे सायुंग येथे भरतीचे पाणी रस्त्यावर चढते, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघावे. वाटेत देमाकची पंधराव्या शतकातली मशीद पाहून घ्यावी.

भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि एकदा ३० दिवस वाढतो. फी ५ लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच ते तीन हजार रुपये. या व्हिसावर माल पाहणे, सौद्याची बोलणी करणे, खरेदी करणे चालते. नोकरी करणे किंवा कारखाना चालवणे चालत नाही. मुदत उलटली तर दिवसाला १० लाख रुपिया दंड आहे. १५-२० दिवसांत फार झाले नाही म्हणून कोणी कायदा विसरू नये.

गावात राहणे

गावात कुणाच्या घरी उतरलात तर यजमानाने २४ तासांच्या आत मोहल्ल्याच्या प्रमुखाला, ज्याला ‘एर्ते’ म्हणतात, कळवायचे असते. तशा पाट्याही गावोगाव दिसतात. जेपारात गावच्या सरपंचाला ‘पेतिंगी’ म्हणतात. आधी त्याला भेटून मग बाजाराला लागावे. सल्लामसलतीला ते ‘मुश्यावारा’ म्हणतात, रोजीला ‘रेजेकी’, व्यापाऱ्याला ‘सौदागर’. कान सुखावतो, पण या चार शब्दांवर सौदा होत नाही. इंडोनेशियाच्या २००९ च्या कायद्याने तिथल्या पक्षाबरोबरचा करार त्यांच्या भाषेत असणे आवश्यक आहे. तेव्हा भरवशाचा दुभाषी नेमावा, आणि तो विकणाऱ्याचा माणूस नसावा.

ईदला तिथे ‘लेबारान’ म्हणतात. त्या सुमारास सारा देश गावाकडे निघतो आणि काम आठ-पंधरा दिवस थंडावते. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो आणि रंगवलेले सूत त्या दिवसांत उशिरा वाळते. मालाची मुदत ठरवताना या दोन्ही गोष्टी धरून चालावे.

पैसा कुठे घालावा

आता मुख्य मुद्दा. जमिनीच्या पूर्ण मालकीला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात. शब्द आपलेच, हक्क आणि मिल्कियत. पण १९६० च्या जमीन कायद्याने ही मालकी परदेशी माणसाला मिळत नाही. निवास परवाना असेल तर मुदतीचा वापरहक्क मिळू शकतो, किंवा घर भाड्याने घेता येते. कंपनी काढायची तर परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढावी लागते आणि तिची गुंतवणूक, जमीन-इमारत सोडून, १० अब्ज रुपियांच्या वर असावी लागते. आपल्या हिशेबाने पाच कोटींपेक्षा अधिक. दहावीस मागांचा कारखाना त्या देशाने आपल्या लोकांसाठी राखून ठेवला आहे, असाच याचा अर्थ.

इथे दलाल पुढे येतो आणि म्हणतो, “जमीन माझ्या मेहुण्याच्या नावावर घेऊ, कागद आतून करून देऊ.” ही बेनामी आहे. कायदा म्हणतो, असा व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा आणि दिलेली रक्कम परत मागता येणार नाही. दुसऱ्याच्या नावाने शेअर धरण्यालाही २००७ च्या गुंतवणूक कायद्याने मनाई आहे. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो उद्या फिरला तर कोर्टात उभे राहायलाही तुम्हाला जागा नाही. इमानदार माणूस असला तरी त्याच्या वारसांचे काय, हा प्रश्न उरतोच.

मग लहान व्यापाऱ्याने काय करावे? खरेदीदार म्हणून जावे. नमुना ठरवा, सुताचा नंबर, रंग आणि पन्हा लिहून घ्या, बयाणा द्या, बाकी माल पाहून द्या. माल बनवून घेण्याच्या या करारालाच ‘इस्तिस्ना’ म्हणतात आणि त्यावर इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलच्या शरिया मंडळाचा २००० सालचा फतवा आहे, त्यामुळे तिथे समजावत बसावे लागत नाही. आपल्याकडे आयात-निर्यात परवाना क्रमांक आणि बँकेमार्फत रक्कम हवीच. आसियानशी झालेल्या व्यापार कराराचा जकातीत फायदा घ्यायचा तर मूळ देशाचा दाखला मागून घ्यावा. घातक अॅझो रंगांना आपल्याकडे बंदी आहे, म्हणून रंगाच्या तपासणीचा दाखला आधी मागावा. माल बंदरात अडकल्यावर धावपळ नको.

त्रोसोकडून एक धडाही घेण्यासारखा आहे. हे गाव बालीच्या ‘एंडेक’सारख्या नक्षी विणून बालीच्या बाजाराला पुरवत आले. २००२ चे बालीतले बॉम्बस्फोट असोत की २०२० ची महामारी, बालीचे पर्यटक थांबले की इथले माग थंडावतात. २०२१ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी दर मंगळवारी एंडेक वापरण्याचे परिपत्रक काढले, पण भर बालीत विणलेल्या कापडावर होता. दुसऱ्याच्या नक्षीवर आणि एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा असला की असे होते. आपणही तिथून माल आणताना तो त्रोसोचा म्हणून विकावा. आणि भाव पाडताना हे ध्यानात असावे की जिल्ह्यात आता तयार कपड्यांचे मोठे कारखाने आले आहेत. नगाची मजुरी परवडली नाही तर विणकर तिकडे जातो आणि परत मागावर बसत नाही.

पहिल्या खेपेला थोडा माल, दुसऱ्या खेपेला त्याच घरातून पुन्हा माल. दोन-तीन वर्षे वेळेवर रक्कम पोचली की त्या गावात तुमची जी पत होते, तिला ना परवाना लागतो ना कुणाचे नाव.