मागचा एक्सल बदलताना एबीएस विसरू नका

आमचा धंदा कापडाचा. तरीही या पानावर आज गाडीच्या एक्सल आणि ब्रेकविषयी लिहीत आहोत, कारण हा विषय आम्ही पदरचे पैसे घालून शिकलो. आपल्यापैकी पुष्कळ व्यापाऱ्यांचा माल स्वतःच्या गाडीतून जातो. आपले कितीतरी कारागीर बंधू गॅरेज चालवतात, कुणी नाना पेठेत सुटे भाग विकतात, तर कुणी भंगारातल्या गाड्या खोलतात. विकणारा, बसवणारा आणि चालवणारा, तिघांनाही हे ठाऊक असायला हवे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानाच्या गाडीचे मागचे हौसिंग जादा मालाने आणि खड्ड्यांनी वाकले. नवा एक्सल महाग पडत होता. मिस्त्रीने त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा एक्सल आणून एका दिवसात बसवला. यू-बोल्ट जुळले, ड्रम जुळले, चाकेही बसली. फक्त समोरचा एबीएसचा पिवळा दिवा विझेना. मिस्त्री म्हणाला, "शेठ, तो नुसता सेन्सरचा दिवा आहे. ब्रेक लागतोय ना?" ब्रेक लागत होता. आम्हीही विषय सोडून दिला.

आठ दिवसांनी सासवडला माल पोहोचवून गाडी रिकामी परत येत होती. बापदेव घाटाच्या उतारावर पावसाची भुरभुर होती. समोर मोटारसायकल आली म्हणून ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तशी गाडीची मागची बाजू फिरली आणि गाडी रस्त्यात आडवी झाली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. दुसऱ्या एका उस्तादाने गाडी खोलली तेव्हा उलगडा झाला. एक्सल एबीएस नसलेल्या गाडीचा होता. आमच्या गाडीचे दोन्ही सेन्सर तारेने बांधून तसेच लोंबकळत ठेवले होते.

एबीएस काय काम करते?

ब्रेक जोरात दाबला की चाक जागीच थांबते, पण गाडी पुढे घसरत राहते. पुढची चाके अशी लॉक झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते. हे टाळण्यासाठी बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 साली प्रथम मर्सिडीजच्या गाडीत आली. आपल्या देशात 1 एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

तिचे काम मोजमापाचे आहे. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्याजवळ बसवलेला सेन्सर किती दात समोरून गेले हे मोजतो आणि छोट्या संगणकाला कळवतो. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम हळू झाले, की ते लॉक होत आहे असे समजून संगणक त्या चाकाच्या ब्रेकचे तेल क्षणभर सोडतो आणि पुन्हा दाबतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते.

आजकालच्या बहुतेक गाड्यांत याच संगणकाकडे आणखी एक काम असते, ते म्हणजे ईबीडी. गाडी रिकामी असली की मागच्या चाकांवर वजन कमी असते, म्हणून तिथला ब्रेकही कमी लागायला हवा. पूर्वी हे काम एक्सलला दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह करत असे. आता ते संगणक करतो. मागचे सेन्सर काम करेनासे झाले, तर ही व्यवस्थाही जाऊ शकते. आमची गाडी रिकामी असताना का फिरली, हे तेव्हा कळले. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी रस्त्यावर काढूच नये.

मीटर आणि वार

एक्सलवर दातेरी कडे आहे, सेन्सरही बसला, म्हणजे काम झाले असे नाही. दातांची संख्या जुळली पाहिजे. आम्हा कापडवाल्यांना हे लगेच समजेल. मीटर 39 इंचांहून थोडा जास्त आणि वार 36 इंचांचा. एकाच दुकानात एक माणूस मीटरने आणि दुसरा वाराने मोजू लागला, तर दोघेही प्रामाणिक असून हिशेब चुकेल.

उदाहरणादाखल, पुढच्या चाकांच्या कड्याला 48 दात आहेत आणि नव्याने बसवलेल्या मागच्या एक्सलच्या कड्याला 44. गाडी 60 किलोमीटर वेगाने सरळ चालली आहे. संगणकाला पुढची चाके 60 ची दिसतील, तर मागची 55 ची. म्हणजे ब्रेक न लावताच मागची चाके अडत असल्याचा भास होईल. यावर संगणक बहुधा दोष नोंदवून एबीएस बंद करील आणि दिवा लावील. तसे न झाल्यास तो ब्रेकच्या वेळी मागचा दाब वेळेआधीच सोडेल आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेईल.

आता उलट पाहा. मागे 52 दात असतील, तर मागची चाके 65 ची दिसतील. चाक खरोखर लॉक होऊ लागले तरी संगणकाला ते उशिरा कळेल. हा प्रकार जास्त धोक्याचा. मागच्या चाकांना पुढच्यापेक्षा लहान-मोठे टायर घातले, तरी असाच फरक पडतो.

पुष्कळांचा समज असा, की क्राउन-पिनियन वेगळे असले म्हणजे एबीएस बिघडते. सेन्सर चाकाजवळ असेल तर तसे होत नाही, कारण तो चाकाचाच वेग मोजतो. सेन्सर पिनियनच्या बाजूला असलेल्या गाडीत मात्र हा फरक थेट येतो. क्राउन-पिनियन बदलल्याने गाडीची ओढ बदलते आणि काही गाड्यांत स्पीडोमीटर चुकतो, हे वेगळे.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट, एक्सल कोणत्या सालच्या आणि कोणत्या प्रकारच्या गाडीचा आहे ते विचारा. 2019 च्या आधी एकाच मॉडेलच्या काही गाड्या एबीएसच्या तर काही बिनएबीएसच्या होत्या. मारुती ईको आणि महिंद्रा बोलेरो यांना एबीएस मिळाली तीही 2019 मध्ये. त्यामुळे "त्याच मॉडेलचा आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. चेसिस नंबर आणि पार्ट नंबर पडताळून पाहावा.

दुसरी गोष्ट, कड्याच्या एका दातावर खडूची खूण करून दात मोजा आणि आपल्या जुन्या एक्सलशी ताडून पाहा. एखादा दात तुटका किंवा गंजलेला नको. सेन्सर आणि कडे यांच्यातली फट साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी असते. पानेवाले असे फीलर गेज लावून ती कंपनीने दिलेल्या मापात आहे का ते बघावे.

तिसरी गोष्ट, सेन्सरचा प्रकार. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते आणि तो स्वतःच वीज निर्माण करतो. नव्या प्रकारच्या सेन्सरला गाडीतून वीज द्यावी लागते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, प्लग जुळला तरी. जुन्या प्रकारचा सेन्सर मल्टिमीटरवर सहसा काहीशे ते दोन हजार ओहम दाखवतो. नव्या प्रकाराला ओहममध्ये मोजू नये, तो खराब होऊ शकतो. काही गाड्यांत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. असे बेअरिंग उलटे बसवले, की सेन्सरला काहीच दिसत नाही.

चौथी गोष्ट, ड्रमचा व्यास आणि व्हील सिलिंडरचे माप. 19.05 मिलिमीटरच्या जागी 20.64 चा सिलिंडर आला, तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण जोर सुमारे 17 टक्क्यांनी वाढतो. मग मागची चाके आधी लॉक होण्याचा कल वाढतो.

काम झाल्यावर स्कॅनर लावून गाडी 20 किलोमीटर वेगाने सरळ चालवावी. चारही चाकांचा वेग सारखा दिसला पाहिजे. त्यानंतर मोकळ्या जागेत ब्रेकची चाचणी घ्यावी. मिस्त्रीने ही चाचणी दाखवल्यावरच मजुरी चुकती करावी.

स्वस्त आणि सुरक्षित मार्ग

फक्त हौसिंग वाकले असेल, तर पूर्ण एक्सल बदलण्याची गरज नसते. योग्य मापाचे हौसिंग घेऊन त्यात आपल्याच गाडीचे शाफ्ट, बॅकिंग प्लेट, सेन्सर आणि कडी बसवता येतात. मात्र शाफ्टची लांबी आणि आटे जुळले पाहिजेत आणि कडे हातोड्याने न ठोकता प्रेसवर बसवले पाहिजे. आमच्या गाडीला शेवटी हेच केले. आधीच केले असते तर दोनदा मजुरी द्यावी लागली नसती.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी आलेल्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच गाडीसाठी ठरलेला भाग बसवणे ही दुरुस्ती झाली. पण एबीएस निकामी होईल असा एक्सल बसवला, तर अपघातानंतर विमा कंपनीलाही आक्षेप घ्यायला जागा मिळते. कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआयसारख्या संस्थांत गाडीचे ब्रेक एक पूर्ण संच म्हणून तपासले जातात. त्यातला एक भाग मनाने बदलला, तर ती तपासणी आपल्या गाडीला लागू राहत नाही.

शेवटी कारागीर बंधूंना एक विनंती. काही ठिकाणी दिवा विझत नाही म्हणून त्याचा बल्ब काढतात किंवा त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडतात. ग्राहक खूश होऊन जातो, पण आपला ब्रेक अर्धा गेला आहे हे त्याला कळत नाही. आम्ही फाटके ठाण घडी घालून विकले, तर ग्राहक दुसऱ्या दिवशी परत आणतो. ब्रेकच्या बाबतीत परत येण्याची संधी मिळेलच असे नाही. एक्सल जुळत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. एक काम हातचे जाईल, पण ग्राहक टिकेल.