तोलेदो : विद्यासंक्रमणाचे एक नगर

माद्रिदच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरांवर एका खडकाळ टेकडीवर तोलेदो हे प्राचीन नगर वसलेले आहे. टॅगस नदीने खोल दरी कोरून या टेकडीस तीन बाजूंनी वेढले आहे. केवळ उत्तरेकडून भूमार्गाने नगरात प्रवेश करता येतो. अशा दुर्गम स्थानाचे महत्त्व रोमन लोकांनी ओळखले होते. पुढे सहाव्या शतकात व्हिसिगॉथ राजांनी येथे आपली राजधानी केली आणि इ. स. ५८९ मध्ये येथे भरलेल्या धर्मपरिषदेत राजा रेकारेड याने एरियन पंथाचा त्याग जाहीर करून रोमन चर्चचा स्वीकार केला. आठव्या शतकाच्या आरंभी हे नगर अरबांच्या हाती गेले, आणि २५ मे १०८५ रोजी कॅस्टीलचा राजा सहावा आल्फॉन्सो याने ते जिंकून घेतले.

ख्रिस्ती, मुसलमान व ज्यू अशा ‘तीन संस्कृतींचे नगर’ म्हणून प्रवासवर्णनांतून तोलेदोचा गौरव केला जातो. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. विद्येची देवघेव आणि समाजांचे सहजीवन या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली येथे भरभराटीस आली. दुसरी मात्र टिकली नाही. हा भेद ध्यानात ठेवल्यावाचून या नगराचा इतिहास नीट उलगडत नाही.

अकराव्या शतकात कॉर्दोबाची खिलाफत मोडल्यावर तोलेदो हे एका स्वतंत्र लहान राज्याचे केंद्र बनले. तेथील अमीर अल्-मामून याच्या आश्रयाने ज्योतिषशास्त्राचा विशेष अभ्यास झाला. अल्-झर्काली या विख्यात ज्योतिर्विदाचे कार्य याच काळातील असून ‘तोलेदोची कोष्टके’ म्हणून ओळखली जाणारी ग्रहगणिताची सारणी त्याच्या नावाशी निगडित आहे. याच नगराचा काझी साइद अल्-अंदलुसी याने १०६८ मध्ये राष्ट्रांच्या विद्याव्यासंगाविषयी एक ग्रंथ लिहिला. शास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रांत त्याने पहिले स्थान भारतास दिले आहे. भारतीय अभ्यासकास तोलेदोविषयी आस्था वाटावी, यास एवढे एकच कारण पुरेसे ठरेल.

१०८५ चे सत्तांतर कराराने घडले, लुटीने नव्हे. त्यामुळे ग्रंथ वाचले आणि ते वाचू शकणारी माणसेही बव्हंशी नगरातच राहिली. अरबी भाषा व चालीरीती आत्मसात केलेले ख्रिस्ती, ज्यांना मोझाराब म्हणतात, तेराव्या शतकापर्यंत आपले खरेदीखतादी व्यवहार अरबीत लिहीत होते. ज्यू विद्वानांस अरबी, हिब्रू आणि लोकभाषा या तिन्ही अवगत होत्या. लॅटिन जाणणारे धर्मोपदेशक आता त्यांच्या शेजारी येऊन राहिले. ग्रंथ, दुभाषे व जिज्ञासू वाचक एकाच तटबंदीच्या आत आले, हेच तोलेदोच्या भाग्योदयाचे खरे कारण होय.

‘तोलेदोचे अनुवादपीठ’ ही संज्ञा मात्र जपून वापरावयास हवी. या अनुवादकांची एखादी संघटित संस्था होती, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच पंडित जूर्दँ याच्या लेखनातून रूढ झाली. बाराव्या शतकातील वस्तुस्थिती अधिक साधी होती : कॅथीड्रलच्या आश्रयाने निरनिराळे विद्वान दोघादोघांच्या जोडीने काम करीत. इब्न सीनाच्या आत्म्याविषयीच्या ग्रंथाच्या लॅटिन अनुवादास जोडलेल्या अर्पणपत्रिकेत ही रीत वर्णिलेली आहे. ज्यू विद्वान आवेंदौत याने एकेक अरबी शब्द लोकभाषेत सांगावा आणि गुंदिसाल्वो याने तो लॅटिनमध्ये उतरवावा, असा हा क्रम होता. इटलीतून आलेला क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’च्या शोधात येथे पोहोचला आणि ११८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सत्तरांहून अधिक ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये आणले. इब्न सीनाचा वैद्यकावरील महाग्रंथ त्यांपैकीच एक होय. या मार्गाने शब्दही कसे प्रवास करीत, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. संस्कृत ‘जीवा’ ही गणितातील संज्ञा अरबीत ‘जीबा’ झाली. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला. आणि बाराव्या शतकातील लॅटिन अनुवादांत त्याचाच अर्थ देणारा ‘सायनस’ हा शब्द आला. त्रिकोणमितीतील ‘साइन’चे मूळ ते हेच.

तेराव्या शतकात या परंपरेस निराळे वळण मिळाले. तोलेदो येथेच १२२१ मध्ये जन्मलेला दहावा आल्फॉन्सो याने अनुवादाची भाषा म्हणून लॅटिनऐवजी कॅस्टीलियन लोकभाषेस मान दिला. पंचतंत्राची पहलवीमार्गे अरबीत गेलेली आवृत्ती ‘कलीला व दिम्ना’ तो युवराज असतानाच, १२५१ च्या सुमारास, स्पॅनिशमध्ये उतरली. येहुदा बेन मोशे व इसहाक बेन सिद या ज्यू पंडितांनी सिद्ध केलेली ‘आल्फॉन्सोची कोष्टके’ पुढे सुमारे तीन शतके युरोपीय ज्योतिर्विदांच्या उपयोगी पडली. लोकभाषा शास्त्राचे वाहन होऊ शकते की नाही, हा प्रश्न येथे वादाने नव्हे, तर कामाने सुटला.

परंतु ज्यांच्या हातून ही विद्या युरोपास लाभली, त्यांचे पुढे काय झाले? चौदाव्या शतकात राजा पेद्रोचा कोषाध्यक्ष सॅम्युएल हालेवी याने एक भव्य सिनॅगॉग बांधले. त्याच्या भिंतींवरील चुनेगच्चीच्या नक्षीत हिब्रू आणि अरबी लेख एकत्र नांदतात. त्याच राजाच्या रोषास पात्र होऊन हालेवी बंदिवासात मरण पावला. १३९१ मध्ये ज्यू वस्तीवर हल्ले झाले. १४४९ च्या बंडात धर्मांतरित ज्यूंना नगरातील अधिकारपदांपासून वंचित करणारा ठराव झाला. श्रद्धेऐवजी रक्त पाहणाऱ्या पुढील कायद्यांचा तो अग्रदूत ठरला. १४९२ मध्ये ज्यूंना देशातूनच घालवून देण्यात आले. अनुवाद शेजाऱ्याचा ग्रंथ आपलासा करतो. शेजाऱ्याचे रक्षण करण्यास मात्र निराळी राजनीती लागते.

१५६१ मध्ये दुसऱ्या फिलिपने राजदरबार माद्रिदला नेला आणि तोलेदोचे राजकीय महत्त्व ओसरले. त्या उपेक्षेमुळेच त्याची जुनी नगररचना मोठ्या प्रमाणावर शिल्लक राहिली, असे म्हणावयास हरकत नाही. १९३६ च्या यादवी युद्धातील वेढ्यात उद्ध्वस्त झालेला अल्काझार पुन्हा उभारण्यात आला, आणि १९८६ मध्ये युनेस्कोने नगरास जागतिक वारशाचा दर्जा दिला. येथे येणाऱ्याने ९९९ मध्ये बांधलेली, पुढे ‘क्रिस्तो दे ला लूस’ चर्च झालेली छोटी मशीद प्रथम पाहावी. तिच्यात व्हिसिगॉथ काळातील स्तंभशीर्षे पुन्हा वापरलेली असून तिच्या नऊ घुमटाकृतींपैकी एकही दुसरीसारखी नाही. नंतर १२२६ मध्ये आरंभिलेले गॉथिक कॅथीड्रल पाहावे. हालेवीच्या सिनॅगॉगमध्ये आज ज्यू संस्कृतीचे संग्रहालय आहे. सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेको या क्रीटहून आलेल्या चित्रकाराचे ‘काउंट ऑर्गाझची अंत्यक्रिया’ हे चित्र आहे. या परक्या कलावंताने १५७७ पासून अखेरपर्यंत याच नगरात वास्तव्य केले.

‘दोन किहोते’मध्ये सर्व्हान्तेसने आपल्या कथेचे अरबी हस्तलिखित तोलेदोच्या बाजारात सापडल्याची आणि ते एका मोरिस्कोकडून भाषांतरित करून घेतल्याची कल्पना योजिली आहे. १६०५ च्या वाचकास ती तोलेदोविषयी स्वाभाविक वाटावी, इतका या नगराचा लौकिक दृढ होता. १९९४ मध्ये तेथील विद्यापीठाने जुन्या नावानेच अनुवादाचे केंद्र स्थापन करून अरबी व हिब्रू ग्रंथांच्या अनुवादाकडे पुन्हा लक्ष वळविले. तोलेदोच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने अनुवादित ग्रंथांच्या यादीबरोबरच अनुवादकांच्या वंशजांची वाटचालही तपासावी. त्याशिवाय विद्येच्या या संक्रमणाचे खरे मोल आणि त्याची मर्यादा, दोन्ही अनाकलनीय राहतील.