छायाचित्रांच्या वहीचे वजन



स्मृतिव्याख्यानासाठी छायाचित्रांच्या साठवणीचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुन्या शाळांपुढे आणि जुन्या घरांपुढे आज हा प्रश्न खरोखरच उभा आहे. स्नेहसंमेलनांची, निरोपसमारंभांची, दिवंगत शिक्षकांची छायाचित्रे संगणकावर येतात, त्यांवर संस्कार होतात आणि एके दिवशी डिस्क भरते. मग काय पुसायचे? उत्तर चुकले, तर जे जपायचे तेच नाहीसे होते. म्हणून ही साठवण कशामुळे फुगते, ते मी येथे मांडणार आहे.

उदाहरणासाठी अडोबी कंपनीची लाइटरूम ही प्रणाली घेतो. तिची पहिली आवृत्ती २००७ साली आली. त्या परंपरेतील आजची प्रणाली लाइटरूम क्लासिक या नावाने ओळखली जाते. तिचे मूलतत्त्व असे की, मूळ छायाचित्राला हात लावायचा नाही. त्यावर काय करायचे, त्या आज्ञा तेवढ्या कॅटलॉगमध्ये लिहायच्या. पूर्वी निगेटिव्ह कपाटात असे आणि तिची नोंद वहीत असे. कॅटलॉग म्हणजे ती वही.

या पद्धतीचा लाभ एका हिशेबाने ध्यानात येईल. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात २ कोटी ४० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन रंग व प्रत्येक रंगाला दोन बाइट धरले, तर संस्कार केलेली एक प्रत न दाबता ठेवण्यास १४४ मेगाबाइट जागा लागते. उलट, ‘उजेड इतका वाढवा’ या आज्ञेला मोजके आकडे पुरतात. मग इतकी किफायतशीर वही जाड का होते?

पहिले कारण इतिहासाच्या नोंदीचे. प्रत्येक पायरीपाशी प्रणाली केवळ नवा बदल नव्हे, तर त्या क्षणीची सर्व मांडणी नोंदवते. जुन्या छायाचित्रावरील १०० डाग एकेक करून पुसले, तर पहिल्या पायरीत एका डागाचे वर्णन, दुसरीत दोहोंचे, शंभराव्या पायरीत शंभरांचे. एकूण बेरीज ५,०५० होते. नोंदी दाबून ठेवल्या तरी ही प्रवृत्ती नाहीशी होत नाही. ब्रशने केलेल्या कामालाही हेच लागू आहे. कारण ब्रशचा फटकारा ही एक संख्या नसून अनेक ठिकाणांची यादी असते.

दुसरे कारण नव्या मास्कचे. आकाश वरून खाली क्रमाने गडद करायचे असेल, तर रेषेची जागा आणि दिशा सांगितली की झाले. पण २०२१ साली आलेल्या सोयीनुसार संगणक स्वतः माणूस किंवा आकाश ओळखून वेगळे काढतो. विस्कटलेल्या केसांची कड कोणत्याही सूत्रात बसत नाही. तेथे कोणता बिंदू किती आत, किती बाहेर, याचा नकाशाच साठवावा लागतो. त्याच वर्षापासून कॅटलॉगशेजारी ‘एलआरकॅट-डेटा’ ही निराळी फाइल दिसू लागली, ती अशा माहितीसाठी. २०२४ साली आलेल्या सोयीत नको असलेली वस्तू काढून तेथे नवे चित्र रचले जाते. तेथे तर रचलेले बिंदूच जपणे भाग आहे. तात्पर्य, जे नियमाने सांगता येते ते थोडक्यात मावते. जे सांगता येत नाही, ते जसेच्या तसे ठेवावे लागते.

तिसरे कारण प्रिव्ह्यूंचे. चित्र पडद्यावर चटकन दिसावे म्हणून प्रणाली त्याच्या तयार प्रती कॅटलॉगशेजारी ठेवते. त्यांतील पूर्ण आकाराच्या प्रती बरीच जागा व्यापतात. स्मार्ट प्रिव्ह्यू हा प्रकार निराळा. मूळ फाइल जोडलेली नसतानाही त्यावर काम करता येते.

आता पुसण्याचा विवेक. मूळ छायाचित्रे हाताशी असतील, तर प्रिव्ह्यू निर्धास्तपणे पुसावेत. वेळ लागेल, पण ते पुन्हा तयार होतात. काम संपल्यावर इतिहास पुसला, तरी अंतिम रूप टिकते. मात्र तेथवर कसे पोहोचलो, ही वाट मिटते. संस्थेच्या महत्त्वाच्या छायाचित्रांबाबत ती वाट ठेवावी, असे माझे मत आहे. चेहऱ्यावरील कोणती खूण काळाने पाडलेली आणि कोणती आपण पुसलेली, हे पुढच्या पिढीला कळले पाहिजे. ‘एलआरकॅट-डेटा’ला मात्र फालतू फाइल समजून हात लावू नये. त्यातील मास्क संगणक पुन्हा काढू शकेल, पण ते हुबेहूब पूर्वीसारखेच येतील याचा भरवसा नाही.

सर्वांत मोठा गैरसमज बॅकअपविषयी आहे. ही प्रणाली कॅटलॉगचा बॅकअप घेते, तेव्हा वहीची प्रत निघते, छायाचित्रांची नव्हे. मूळ फाइलींची प्रत आपणच वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या वास्तूत ठेवली पाहिजे. शाळेच्या संग्रहाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी एवढी एक व्यवस्था या वर्षीच लावावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कपाट रिकामे झाल्यावर नुसती वही उरून उपयोग नाही.