ॲक्सीड

मान्यतादर्शक इंग्रजी क्रियापद. ‘जवळ जाणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून ते आले. मागणी मान्य करणे, राजपदावर येणे आणि आधी झालेल्या करारात किंवा संघात सामील होणे, असे त्याचे तीन अर्थ रूढ आहेत. तिन्ही अर्थी त्याच्यापुढे ‘टू’ हे अव्यय येते. ‘ॲग्री’ या क्रियापदातून उभय पक्षांचे एकमत, तर ‘कन्सेंट’मधून नकाराचा अधिकार असणाऱ्याची अनुमती सूचित होते. ‘ॲक्सीड’मध्ये प्रस्ताव दुसऱ्याचा असतो व होकार पुष्कळदा आग्रहानंतर मिळतो.

दुसऱ्या अर्थाचे उदाहरण साताऱ्याच्या इतिहासात आढळते. १८१९ च्या तहाने निर्माण झालेल्या सातारा राज्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांनी १८४८ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. या दत्तकास गादीवर येण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची अनुमती आवश्यक होती काय, हा वादाचा मुद्दा होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तकास अनुकूल होते. तथापि गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक अमान्य करून राज्य खालसा केले.

तिसरा अर्थ १९४७ च्या सामीलनाम्यांत दिसतो. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण इ. संस्थाने भारतीय अधिराज्यात सामील झाली, ती संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण या तीन विषयांपुरती. भावी संविधान स्वीकारण्याचे बंधन संस्थानिकावर नाही व त्याचे सार्वभौमत्व अबाधित आहे, अशी कलमे सामीलनाम्याच्या नमुन्यात होती. १९४८ च्या विलीनीकरण करारांत मात्र ‘सीड’ हे क्रियापद आले. त्याचे मूळ तेच. परंतु अर्थ ‘अधिकार सोडून देणे’ असा. त्यान्वये राज्यकारभाराचे सर्व अधिकार अधिराज्य सरकारकडे गेले आणि ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात समाविष्ट झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला. २१ नोव्हेंबर १९६० पासून त्यास सांगली हे नाव मिळाले.

मराठीत या दोन्ही घटनांना सरसकट ‘विलीन होणे’ म्हटले जाते. त्यामुळे मर्यादित संमती आणि संपूर्ण अधिकारत्याग यांतील भेद लोपतो. म्हणून ‘ॲक्सीड’साठी ‘सामील होणे’ व ‘सीड’साठी ‘सुपूर्त करणे’ हे पर्याय अधिक नेमके होत.