हत्तीचा माज आणि हत्तिणीची स्मृती

हत्ती माजावर आला, असे मराठीत म्हणतात. आणि एखाद्याला सत्तेचा माज चढला, असेही म्हणतात. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. संस्कृत कवींनी तर गंडस्थळावरून पाझरणाऱ्या मदाचे वर्णन इतक्या वेळा केले आहे की, हत्ती म्हटला की मदोन्मत्त नरच नजरेपुढे उभा राहावा. वस्तुतः अरण्यातील हत्तींचे जीवन ज्या पायावर उभे असते, तो पाया निराळाच आहे. त्या जीवनात कोण कसे वागेल, हे बऱ्याच अंशी दोन गोष्टींवरून ठरते: तो जीव नर की मादी, आणि त्याचे वय काय.

केनियातील अंबोसेलीच्या मैदानात सिंथिया मॉस यांनी 1972 साली एकेका हत्तीची ओळख पटवून त्याच्या आयुष्याची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे पिढ्यान् पिढ्यांचा वृत्तान्त हाती आला, आणि कळपाचे खरे स्वरूप स्पष्ट झाले. कळप म्हणजे एक मातृकुल असते. आई, तिच्या मुली, बहिणी आणि त्यांची लेकरे एकत्र नांदतात, आणि बहुधा सर्वांत वयस्क हत्तीण त्यांची धुरा वाहते. हत्तिणीचा गर्भ सुमारे बावीस महिन्यांचा; दोन पिल्लांमध्ये चार-पाच वर्षांचे अंतर. त्यामुळे प्रत्येक पिल्लू मोलाचे असते आणि त्याला सांभाळण्यास सारे कुल झटते.

नर-मादीतील भेद बालपणापासूनच दिसू लागतो. लहानगी मादी धाकट्या पिल्लांच्या आसपास घोटाळते, अडखळले तर त्यांना सोंडेने सावरते, आणि मातृत्वाचे धडे असे आधीच गिरवते. नर पिल्लू आईपासून अधिक दूर भटकते आणि बरोबरीच्यांशी डोके भिडवून झुंजीचे खेळ खेळते. मादी जन्मभर कुलातच राहते. नर मात्र दहा ते पंधरा वर्षांच्या सुमारास कुल सोडून बाहेर पडतो.

वयोवृद्ध हत्तिणीचे महत्त्व कशात असते? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने याचे उत्तर दिले. अंबोसेलीतील कुटुंबांना ध्वनिक्षेपकावरून सिंहांच्या डरकाळ्या ऐकविण्यात आल्या. सिंह एक आहे की तीन, हा फरक सर्वच कुटुंबांनी ओळखला. परंतु डरकाळी नराची की मादीची, हे नीट ओळखून सावध झाली ती प्रामुख्याने वृद्ध हत्तिणींची कुटुंबे. पिल्लांना खरा धोका असतो तो नर सिंहापासून. तरुण नायिकांना तो धोका पुरेसा उमगला नाही.

स्मृतीची याहूनही कठोर कसोटी टांझानियातील तारांगिरे अभयारण्यात लागली. 1993 साली तेथे भीषण अवर्षण पडले आणि नऊ महिन्यांत 81 पैकी 16 पिल्ले दगावली. जे गट अभयारण्याची सीमा ओलांडून बाहेर पाण्याच्या शोधात गेले, त्यांची हानी कमी झाली. जो गट जागीच राहिला, त्यातील अनेक वृद्ध माद्या पूर्वीच चोरट्या शिकारीला बळी पडल्या होत्या. 1958 ते 1961 या काळातील दुष्काळ ज्यांनी पाहिला होता, त्यांनाच बाहेरची वाट ठाऊक असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शिकाऱ्याने हस्तिदंत नेले. त्याबरोबर पाण्याची वाटही गेली.

कुल सोडलेला नरही केवळ एकलकोंडा भटक्या नसतो. तो इतर नरांच्या संगतीत राहतो आणि थोरांकडून शिकतो. माज ही प्रौढ नराची एक स्वाभाविक अवस्था आहे. या काळात गंडस्थळावरील ग्रंथी पाझरतात, नरपणाचा अंतःस्राव रक्तात कित्येक पटींनी वाढतो आणि हत्ती आक्रमक होतो. तरुण नराचा माज अल्पकाळ टिकतो. पूर्ण वाढलेल्या नराचा काही महिने. माजावर आलेला थोर नर समोर ठाकला की तरुणाचा माज ओसरतो.

हा धाक नाहीसा झाल्यास काय होते, ते दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग येथे दिसले. क्रूगर अभयारण्यात संख्या घटविण्यासाठी हत्ती मारण्यात आले आणि अनाथ झालेली पिल्ले येथे आणून सोडण्यात आली. वडीलधारे कोणी नव्हते. ती वाढली, तेव्हा त्यांतील नर अकाली माजावर येऊ लागले आणि तो माज दीर्घकाळ टिकू लागला. 1992 ते 1997 या काळात या तरुणांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. 1998 साली क्रूगरमधून सहा प्रौढ नर तेथे आणण्यात आले. तरुणांचा माज आवरला आणि गेंड्यांची हत्या थांबली. शिक्षा कोणी केली नाही. थोरांची उपस्थिती पुरेशी ठरली.

आफ्रिकेतील ही कथा भारतालाही परकी नाही. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात. भारतीय हत्तीत मोठे सुळे केवळ नराला, आणि तेही सर्व नरांना नाहीत. बिनसुळ्याच्या नराला 'मखना' म्हणतात. साहजिकच येथे चोरट्या शिकाऱ्याची गोळी सुळेवाल्या नरालाच शोधते. केरळातील पेरियारच्या अरण्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस एका प्रौढ नरामागे शंभराच्या आसपास माद्या, इतकी विषमता माजली होती. दुसरीकडे, दक्षिण भारतात तरुण नर शेतीच्या प्रदेशात मोठे, टिकाऊ गट करून राहू लागल्याचे 2019 सालच्या एका अभ्यासात आढळले. पिकांत शिरण्याची सवयही नर संगतीतून, विशेषतः थोरांकडून, उचलतात, असे अंबोसेलीत 2012 साली दिसून आले होते. वडीलधारे जे करतात, ते धाकटे शिकतात. मग ते हिताचे असो वा अहिताचे.

म्हणूनच अरण्यात हत्ती किती उरले, एवढीच गणना पुरेशी नाही. त्यांत वृद्ध हत्तिणी किती आणि प्रौढ नर किती, हेही मोजावे लागते. डोकी तेवढीच राहिली आणि थोर नाहीसे झाले, तर कळप राहतो. त्याचे शहाणपण राहत नाही.