दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर जास्त, वेळ कमी

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब आहे, आणि विमानानं पोचायला किती वेळ लागतो? आपल्याला वाटतं, पहिल्याचं उत्तर मिळालं की वेगानं भागायचं, दुसरं आपोआप मिळेल. पण तसं होत नाही, आणि का होत नाही ते बघण्यासारखं आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं या विमानाचा मार्ग बदलला. आधी ते पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर. नवा मार्ग पूर्वेला, पॅसिफिकवरून; सुमारे १५,३०० किलोमीटर. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

याचं कारण असं की विमान जमिनीवरून धावत नाही, हवेतून जातं. त्याचा ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासचा वेग हा हवेच्या तुलनेतला. आणि हवा स्वतःच वाहते आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर वेगवान वाऱ्यांचे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवांकडची थंड, आणि त्यात पृथ्वीचं फिरणं, यांतून ते तयार होतात. आता १५,३०० ला साडेचौदानं भागा. ताशी १,०५५ येतात. वरचे दीडशे वाऱ्यानं दिलेले.

इथं हमखास एक शंका येते. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे ते शहर आपणहून यायला नको का? नाही. कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. गॅलिलिओनं १६३२ च्या ग्रंथात हेच जहाजाच्या उदाहरणानं सांगितलं: संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत माशा सगळ्या दिशांना सारख्याच उडतात. आपणही धावत्या एसटीत उडी मारली तर मागच्या बाकावर जाऊन पडत नाही.

बरं, अंतर तरी एकच आहे का? पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो आणि सुमारे १२,४०० किलोमीटर भरतो. म्हणजे अंतराचेच तीन आकडे झाले.

वेळेचंही तसंच. ऑक्टोबरात दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेबारा तासांचा फरक असतो. रविवारी पहाटे चारला निघालो, तर साडेचौदा तासांनी तिथं रविवारचेच सकाळचे सहा वाजलेले असतात. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना शनिवारही येऊन जातो! घड्याळ म्हणतं दोन तास. आखडलेले गुडघे म्हणतात साडेचौदा.

मग खरं कोणतं? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे इथं एवढंच विचारतो: कशाच्या तुलनेत? दोऱ्याच्या, मार्गाच्या, हवेच्या, की घड्याळाच्या? ते सांगितलं की यातला प्रत्येक आकडा खरा आहे. न सांगता फेकला, तर एकही आपल्या कामाचा नाही. उद्या कुणी आपल्यासमोर नुसता आकडा ठेवला, मग तो विमानाचा असो, महागाईचा असो की परीक्षेच्या निकालाचा, हा प्रश्न आधी विचारू या.